निवडून येणार कोण? न्यू हॅम्पशायरची डायरी, फेब्रुवारी २०२०

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ऑफिसातून दुपारी दोनलाच सटकले. मॅनेजरला "जरा घरगुती काम आहे" एवढंच सांगितलं. मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टनहून रूट ३ धरला की तासाच्या आत न्यू हॅम्पशायर. इथं विक्रीकर नाही, पगारावर प्राप्तिकर नाही, मोठ्या माणसांना सीटबेल्टचीही सक्ती नाही. दारूची दुकानं मात्र सरकारी आणि ती ऐन हायवेवर. गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याचं ब्रीद छापलेलं असतं: स्वतंत्र जगा, नाहीतर मरा. शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मावशी, इन्शुरन्स नसेल तर दुसरा पार्ट आपोआप होतो." पोरगी जन्मली इथं, मराठी आईकडून उचललेलं, पण टोमणा अस्सल लालबागचा.

आम्ही चाललो होतो सेनेटर बर्नी सँडर्सच्या प्रचाराला. मंगळवारी इथं प्रायमरी होती, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण असावा, यासाठीचं मतदान. भाची नागरिक, पण तिचं मत मॅसॅच्युसेट्सचं. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे मला मत कुठलंच नाही. कायदा मोठा मजेशीर आहे. ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी माणसाने उमेदवाराला एक डॉलर वर्गणी दिली तरी तो गुन्हा, पण फुकट राबायला मोकळीक. ग्रीनकार्डाच्या रांगेत आम्हा भारतीयांचे २००९ सालचे अर्ज निघत होते त्या महिन्यात, आणि माझा होता २०१४ चा. तोवर नोकरी गेली की साठ दिवसांत नवी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. नोकरीबरोबर आरोग्यविमाही जातो. त्यामुळे माझ्यासारख्या डोकं खाली घालून कोड लिहिणाऱ्या बाईला राजकारण हवंच कशाला, हा प्रश्न आईने फोनवर विचारला होता. याच कारणासाठी, असं मी म्हटलं नाही. "थंडी फार आहे का गं?" या तिच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

मुक्काम नॅशुआला, ओळखीतल्या काकांकडे. काका पस्तीस वर्षं इथे आहेत, नागरिक आहेत आणि पक्के बायडनवाले. रात्री पिठलं-भात खात सगळे पक्षाच्या उमेदवारांचं डिबेट बघत बसलो. ते चाललं होतं तिथून अर्ध्या तासावर, मँचेस्टरच्या सेंट अँसेल्म कॉलेजात. पक्षाच्या तिकिटावर समाजवादी माणूस असण्याची आणखी कुणाला काळजी वाटते, असं निवेदकाने विचारलं आणि एमी क्लोबुशारबाईंनी हात वर केला. काकांनी रिमोट खाली ठेवून टाळी वाजवली.

"अगं, तुझं सगळं खरं आहे. पण तो निवडून येणार नाही. १९७२ ला मॅकगव्हर्न उभा राहिला होता, वाच जरा. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं हरला."

"आणि काका, २०१६ ला जी निवडून येणारच होती, तिचं काय झालं?"

काकूंनी भात वाढला. त्या राजकारणात पडत नाहीत, असं काकाच सांगतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी नऊला प्रचार कार्यालय. बंद पडलेल्या दुकानाचा गाळा, घडीच्या टेबलांवर डोनटचे खोके, कोपऱ्यात ओल्या बुटांचा ढीग. भिंतीवर बर्नीचा फोटो. मला तो माणूस पाहिला की आपल्याकडचे सेवा दलातले जुने समाजवादी आठवतात: चुरगळलेला कोट, विस्कटलेले केस, आणि चाळीस वर्षं एकच भाषण. १९८१ मध्ये शेजारच्या व्हर्मॉंटमधल्या बर्लिंग्टनचे महापौर झाले ते अवघ्या दहा मतांनी. आता वय ७८, चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. भाषण तेच.

प्रशिक्षण वीस मिनिटांचं. फोनवर मिनीव्हॅन नावाचं ॲप, त्यात घरांची यादी आणि नकाशा. बोलणं झालं की माणसाला एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधक, तीन म्हणजे कुंपणावरचा. आमची शिकवणारी मुलगी विशीतली. ती म्हणाली, तीनवाल्यांशी बोला, पाचवाल्यांशी वाद घालू नका, आणि काही झालं तरी टपालपेटीत पत्रक टाकू नका, तो केंद्रीय कायद्याचा भंग आहे. मग पत्रक ठेवायचं कुठे? इथल्या घरांना मुख्य दाराबाहेर आणखी एक काचेचं हलकं दार असतं, वादळवाऱ्यासाठी. त्याच्या फटीत. दिवसभरात ही कला इतकी अंगवळणी पडली की एका हातात हातमोजा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दार ओढायचं आणि गुडघ्याने धरून ठेवायचं.

आपल्याकडे प्रचार म्हणजे ताशा, फेरी, गल्लीच्या तोंडाशी सभा, पन्नास पोरं आणि वडापाव. इथे दोन बायका, निर्मनुष्य रस्ता आणि बेल. आमच्या वाट्याला झाडांच्या नावाचे रस्ते आले होते: वॉलनट, चेस्टनट, पाम. तीनमजली लाकडी घरं, मागे बर्फात रुतलेल्या गाड्या. ५४ दारं वाजवली, उघडली १३. त्यातल्या तीन ठिकाणी नुसता कुत्रा बोलला.

एक दार मात्र विसरत नाही. बासष्ट वर्षांचा माणूस. वय यादीत असतं, आणि नसतं तरी कळलं असतं. पायजम्यावरूनच उजव्या गुडघ्याला काळा पट्टा बांधलेला, त्याचं वेल्क्रो झिजून लोंबत होतं. काचेचं दार कोपराने धरून तो बोलत उभा राहिला. घरातली ऊब आमच्या अंगावर येत होती आणि वाफ होऊन निघून जात होती. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गुडघ्याची वाटी गेली आहे, ऑपरेशन लागणार.

"विमा आहे ना कंपनीचा?"

"आहे. पण पहिले पाच हजार माझे. आणि दोन महिने घरी बसलो तर नोकरी राहील का, ते कंपनी सांगत नाही. मी पासष्टची वाट बघतोय."

पासष्ट हा आकडा त्याने गावाचं नाव सांगावं तसा सांगितला. अमेरिकेत पासष्टी ओलांडली की मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा मिळतो. जॉन्सनच्या काळात, १९६५ ला हा कायदा झाला. बर्नीचं म्हणणं एवढंच की ही वयाची अट काढून टाका. त्यांच्या विधेयकात हे चार वर्षांत करायचं होतं, आणि पहिल्याच वर्षी वय पंचावन्नवर आणायचं होतं. मी उत्साहाने म्हटलं, म्हणजे तुम्ही पहिल्याच वर्षी आत!

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "योजना चांगली आहे. मला पटते."

"मग मंगळवारी?"

त्याने रस्त्यापलीकडच्या घरांकडे हनुवटी केली. "ते नाही देणार त्याला मत. मी बहुतेक एमीला देईन. ती जिंकू शकते."

समोरच्या घरातही आम्ही जाऊन आलो होतो. तिथल्या बाईही म्हणाल्या होत्या की बर्नी आवडतात हो, पण या गल्लीतले लोक तसे नाहीत.

मी फोनमध्ये तीन हा आकडा दाबला. "जिंकू शकेल असा" हा शब्द त्या आठवड्यात मी किती वेळा ऐकला, त्याची गणतीच नाही. मत म्हणजे मला काय हवंय ते सांगणं. इथे प्रत्येक जण शेजाऱ्याला काय हवं असेल याचा अंदाज वर्तवत होता, आणि शेजारी त्याचा. गुडघा माझा, मत मात्र समोरच्या घराच्या अंदाजावर. यात मोठा हात चॅनेलवाल्यांचा. त्यांच्या भाषेत विमा कंपनीच्या नफ्याला जो हात लावत नाही तो "मॉडरेट". त्याला आपला मवाळ म्हणू नका. गोखल्यांना निदान अंदाजपत्रक पाठ असायचं.

संध्याकाळी मँचेस्टरच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये पक्षाचा वार्षिक जेवणाचा कार्यक्रम होता, सगळे उमेदवार एकामागून एक बोलणार. पीट बुटिजेज बोलायला उभे राहिले तेव्हा आमच्या बाजूच्या पोरांनी "वॉल स्ट्रीट पीट" म्हणून ओरडा केला. टीव्हीवर तेवढंच चालू राहिलं. अब्जाधीशांकडून वर्गणी घेतल्याबद्दल त्यांना जाब विचारायलाच हवा, पण तो असा? दिवसभर गारठ्यात एकेक तीन गोळा करायचे आणि रात्री पोरांनी टीव्हीवर त्यांचे चार करायचे. भाचीला मी हे बोलले तर ती चिडली. गादीवर पाठ करून झोपली.

काकूंनी दिवा मालवताना विचारलं, "त्या माणसाचा गुडघा फारच दुखत असेल, नाही?"

रविवार, ९ फेब्रुवारी

मँचेस्टर. दुपारपर्यंत दारं, त्यात सांगण्यासारखं थोडकंच. एका घरात दुसऱ्या उमेदवार एलिझाबेथ वॉरनबाईंची पाटी होती. आजी म्हणाल्या, कार्यक्रम तोच आहे ना, मग यावेळी बाई का नको? मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मेरिमॅक नदीकाठी गेलो. काठाने मैलभर लाल विटांच्या इमारती. ही अमोस्केग कापड गिरणी, एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कापड गिरण्यांपैकी एक. लीवाय स्ट्रॉसच्या सुरुवातीच्या जीन्सचं डेनिम इथलंच. १९२२ मध्ये मालकांनी मजुरी वीस टक्क्यांनी कापली आणि आठवड्याचे तास ४८ चे ५४ केले. क्वेबेकहून आलेले, पोलंडहून आलेले, ग्रीसहून आलेले कामगार संपावर गेले. संप नऊ महिने चालला आणि मोडला. १९३५ च्या नाताळात गिरणीने दिवाळं काढलं. आता आत सॉफ्टवेअर कंपन्या, विद्यापीठाचे वर्ग, उपाहारगृहं.

माझे वडील १८ जानेवारी १९८२ ला मशिनवरून उतरले ते परत चढले नाहीत. आमच्या गिरणीच्या जागी आता काय आहे ते लालबाग-परळला जाणाऱ्या कुणालाही दिसतं. भाचीला हे सगळं माहीत आहे, पण आजोबांची गोष्ट म्हणून. त्या विटांवर हात ठेवून ती विचारत होती, "हे लोक पण मग कुणाला व्होट करायचे, मावशी?" मी म्हटलं, ज्याने त्याने आपल्या गल्लीतल्यांना विचारलं असेल.

संध्याकाळी बातम्यांत बायडन. हॅम्पटनच्या सभेत एका विद्यार्थिनीने आयोवातल्या अपयशाबद्दल विचारलं, तर तिला म्हणाले, तू खोटारडी, कुत्र्याच्या तोंडाची घोडेस्वार आहेस. विनोद होता म्हणे. काकांनी चॅनेल बदललं.

आयोवाचंही सांगायला हवं. आदल्या सोमवारी तिथे कॉकस, म्हणजे लोकांनी सभेत जमून उमेदवार निवडण्याचा प्रकार, झाला आणि निकाल कळवायचं नवंकोरं ॲप कोसळलं. तीन दिवस पूर्ण आकडे येईनात. पहिल्या फेरीत बर्नींना सहा हजारांवर मतं जास्त, पण पक्षाच्या अधिवेशनाला पाठवायच्या प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज केसभर पुढे. जिंकलं कोण, हे सांगायला गणिताचा मास्तर लागला. इथे न्यू हॅम्पशायरमध्ये निदान कागद आणि पेन आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

मँचेस्टरच्या त्याच स्टेडियममध्ये आज ट्रम्प यांची सभा. सकाळपासून लोक रांगेत, लाल टोप्या, घडीच्या खुर्च्या, थर्मास. पत्रकं घेऊन जाताना रांगेजवळून गेलो. कुणी वाकडं बोललं नाही. एका म्हाताऱ्याने उलट भाचीला खिशातली गरम पुडी काढून दिली, ती हलवली की तळहात तापतो. "बर्नीला देतेस का? बरं आहे, पोरी. निदान खोटं तरी बोलत नाही तो." ही माणसं सोडून द्यायची, असं पक्षातल्या शहाण्यांनी कधी ठरवलं ते मला कळत नाही. तोही कदाचित कुठल्या तरी औषधाच्या किमतीने वैतागलेला असेल. विचारायला हवं होतं. यादीत नव्हता म्हणून विचारलं नाही.

त्या सभेत ट्रम्प चीनमधल्या विषाणूबद्दल बोलले: एप्रिलमध्ये जरा उकाडा झाला की तो चमत्कार झाल्यासारखा जाईल. आम्ही ते रात्री फोनवर वाचलं आणि पुढे सरकवलं. डायरीत त्याची नोंदही नाही, हे आता टाइप करताना आठवतंय. एप्रिलमध्ये काय झालं ते माहीतच आहे. त्या एका महिन्यात अमेरिकेत दोन कोटी नोकऱ्या गेल्या, आणि ज्यांचा विमा नोकरीला बांधलेला होता त्यांचा विमा साथीच्या ऐन भरात गेला.

संध्याकाळी आम्ही डरहॅमला, विद्यापीठाच्या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये. साडेसात हजारांवर माणसं. न्यूयॉर्कच्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ बोलल्या, मग बर्नी, मग द स्ट्रोक्स नावाचा रॉक बँड. बर्फावर लाकडी फळ्या टाकून माणसं उभी केली होती, पायाला खालून गार लागायचं. भाषणात नवीन काय? काहीच नाही. पण त्यांनी एकदा ते नेहमीचं विचारलं, की ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्यासाठी स्वतःइतकंच झगडाल का, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वेल्क्रो लोंबणारा पट्टा आला. ओळख फार झाली नव्हती, पण गुडघा माहीत होता.

वर्गणीच्या आकड्यालाही टाळ्या पडल्या. जानेवारीत अडीच कोटी डॉलर, सरासरी देणगी अठरा डॉलर आणि काही सेंट. आजूबाजूच्या पोरांनी स्वतःचे अठरा आठवून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कायद्याच्या चौकटीत राहून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मध्यरात्री डिक्सव्हिल नॉच नावाच्या उत्तरेकडच्या वस्तीत मतदान होतं, राज्यात सगळ्यांत आधी. मतदार पाच. त्यातल्या तिघांनी अब्जाधीश उमेदवार मायकेल ब्लूमबर्ग यांचं नाव हाताने लिहिलं. त्यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. ते इथे प्रचाराला फिरकलेही नव्हते, फक्त देशभर टीव्हीच्या जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतत होते. लोकशाहीची ही गोंडस प्रथा सगळी चॅनेल दरवेळी दाखवतात. या वेळी ती गोंडस न वाटता खरी वाटली.

सकाळी सहाला शाळेबाहेर पाटी घेऊन उभं राहायचं काम. शेजारी बुटिजेजवाला सद्गृहस्थ, पलीकडे क्लोबुशारवाल्या दोघी. दोन तासांत आमची चौघांची कॉफी एकत्र झाली. सद्गृहस्थ निवृत्त शिक्षक आणि राज्याच्या विधानसभेचे माजी सदस्य. साडेतेरा लाखांच्या राज्याला चारशे आमदार आणि मानधन वर्षाला शंभर डॉलर. "त्यात पेट्रोलही सुटत नाही," ते म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी काय? मी त्यांना मेडिकेअरबद्दल विचारलं. "सगळ्यांना मिळायलाच हवं. पण देश अजून तयार नाही."

देश म्हणजे कोण, हे विचारायच्या आत त्यांच्या ओळखीचे मतदार आले.

दुपारी शेवटची फेरी. आता मन वळवायचं नाही, फक्त एक आणि दोनवाल्यांना घराबाहेर काढायचं. गुडघेवाल्याचं घर यादीतून गळलं होतं, तीनवाल्यांची दारं आज वाजवत नाहीत. भाची म्हणाली, तरी जाऊ. गेलो. गाडी नव्हती, कामावर असणार. दाराच्या फटीत शनिवारचं आमचंच पत्रक तसंच होतं, भिजून वाळलेलं. मग कळलं की हे मुख्य दार ते वापरतच नाहीत. त्या दिवशी तो आमच्यासाठी मुद्दाम तिथून आला होता.

रात्री मँचेस्टरच्या विद्यापीठाच्या जिममध्ये निकाल. जवळपास तीन लाखांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं, एवढं आधी कधीच झालं नव्हतं. बर्नी पहिले, पंचवीस टक्क्यांच्या जरा वर. बुटिजेज चोवीसच्या वर. अंतर जेमतेम चार हजार मतांचं. क्लोबुशार तिसऱ्या, वीसला टेकलेल्या. वॉरन चौथ्या, बायडन पाचवे, आणि ते निकालाआधीच दक्षिण कॅरोलायनाला निघून गेले होते. प्रतिनिधी वाटले गेले नऊ, नऊ आणि सहा. जिममध्ये जल्लोष, पण चार वर्षांपूर्वी याच राज्यात साठ टक्के मिळाले होते हे ज्यांना आठवत होतं ते टाळ्या जरा जपून वाजवत होते.

मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक खासगी विमा काढून सरकारी विमा आणायच्या बाजूने निघाले. आणि निम्म्याहून जास्त लोकांना आपल्या मतांशी जुळणाऱ्यापेक्षा ट्रम्पला हरवू शकेल असा उमेदवार हवा होता. दोन्ही आकडे टीव्हीच्या पडद्यावर एकाखाली एक आले आणि निवेदक पुढच्या बातमीकडे वळला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहाटे पाचला निघालो, नऊला माझी मीटिंग. काका उठलेले नव्हते. भाची गाडीत घोरत होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनात बायडन जिंकले, मग दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार बाजूला होऊन बायडनच्या मागे उभे, आणि ८ एप्रिलला बर्नींची माघार. नोव्हेंबरात बायडन जिंकले. काकांनी मेसेज केला, "बघ, म्हटलं होतं ना." म्हटलं होतं, मान्य. बायडन यांनी प्रचारात सरकारी विम्याचा निदान एक पर्याय देऊ म्हणून सांगितलं होतं, तो काही आला नाही. हेही मी काकांना लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला.

पण त्या बुधवारी सकाळी मीटिंग संपते ना संपते तोच फोन वाजला. काकू. मागे पाण्याचा नळ सोडलेला ऐकू येत होता, आणि त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"अगं, यांची कंपनी बंद पडली ना, तेव्हा मी शाळेच्या कँटीनमध्ये लागले. अकरा वर्षं ट्रे धुतले. पगारासाठी नव्हे, विम्यासाठी. पासष्टची झाले त्या दिवशी ॲप्रन काढून ठेवला. तू त्या माणसाचं सांगितलंस आणि मला आपलं ते सगळं आठवलं."

"मग काकू?"

"मग काय, तुमच्या म्हाताऱ्याला दिलं मी. यांना वाटतंय एमीला दिलं. बोलू नकोस हं कुठे. आणि तुझे हातमोजे राहिलेत इथे, हीटरवर वाळत घातलेत."